परतीची गाडी

तळोद्यात जीपस्टँडजवळ माझं शिलाईचं दुकान होतं. गाळ्याचा मालक शेजारीच खतं-बियाणं विकायचा आणि निवडणूक आली की मतं विकत घ्यायचा. स्वतः कधी उभा राहत नसे. जो उभा राहील त्याच्याकडून आमच्या डोंगरातल्या पाड्यांचा मक्ता घ्यायचा. हे पाडे माझ्याकडे, इथली मतं मी आणून देतो, त्याचे एवढे द्या. बियाण्याच्या पिशव्यांचा भाव ठरवावा तितक्या थंडपणे हे चालायचं. भिंत पातळ होती, मला सगळं ऐकू यायचं.

त्या वर्षी जिल्हा परिषदेची निवडणूक ऐन हिवाळ्यात आली. हिवाळ्यात आमच्या पाड्यावर म्हातारी माणसं आणि कोंबड्या एवढंच उरतं. हातपाय चालणारे सगळे गुजरातेत ऊसतोडीला. माझा मोठा भाऊ आणि वहिनीही बारडोलीकडे एका टोळीत होते.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानासमोर एक पिकअप थांबली. मागे माणसं उभी, ऊस भरावा तशी. त्यातून भाऊ उतरला. जळक्या उसाची काजळी अजून त्याच्या मानेवर होती. वहिनीच्या बोटाला चिंधी बांधलेली.

आम्ही आपसात पावरीत बोलतो. मी विचारलं, "मुकादमाने सोडलं कसं?"

"तुझ्या शेजारच्या शेठने त्याच्याशी बोलून घेतलं. मत टाकलं की परत पोचवणार."

"आणि तू लगेच चढलास?"

"आईला दिवाळीपासून बघितलं नाही," तो म्हणाला. "गाडी फुकट येते, तर का नको?"

तेव्हाच मला तो धंदा कळला. तळोद्यातल्या मतदाराला पैसे मोजावे लागतात, साडी द्यावी लागते, वर त्याचं तोंडही बघावं लागतं. आमच्या माणसांचं मत स्वस्त पडतं, कारण त्यांना घरी यायची ओढ असते. ती ओढ ह्या लोकांना फुकट मिळते. त्यांना फक्त डिझेल घालायचं आणि वर दोन-चार नोटा टेकवायच्या असतात.

मतदान झालं. भाऊ-वहिनी पाड्यावर आईजवळ आणखी एक रात्र राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्यांबरोबर खाली उतरले. गाडी नव्हती. मतमोजणी झाल्यावर मिळेल, असा निरोप होता. सगळे माझ्या ओट्यावर बसले. मी चूल पेटवली, वहिनीने मक्याच्या भाकरी थापल्या, उडदाची डाळ केली. पाड्यातल्या बायका दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघत. तिकडे कोयता थांबला की दिवस बुडतो, आणि बुडालेला दिवस मुकादम विसरत नाही.

दुपारी फटाके वाजले. मालकाचा उमेदवार निवडून आला होता. भाऊ उठला, गाठोडं बांधलं. त्याला वाटलं, आता गाडी येणार.

मालक आला, कपाळाला गुलाल. ओट्याकडे न बघता दुकानाचं शटर उघडायला लागला. मी त्याला गाठलं.

"गाडी कधी येते?"

"कोणती गाडी?" त्याने विचारलं. मग माझ्याकडे वळून तो अहिराणीत म्हणाला, "ताई, तुमना पाडाना बूथ उलटा निंघना. आते गाडी कसाले देऊ?"

त्याचं म्हणणं असं. मतमोजणी बूथवार होते. आमच्या बूथवर त्याच्या माणसाला कमी मतं पडली, विरोधकाला जास्त. विरोधकाने पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना घरटी पातेली वाटली होती. म्हणजे मालाची पोच झाली नाही. पोच नाही, तर भाडं नाही.

"ह्यांनी कोणाला दिलं ते तुम्हाला काय माहीत?"

"माले ठाऊक नही. तेच ते सांगस मी. कोन खरा, कोन खोटा, मी कसा वळखू?"

भाऊ मागे येऊन उभा होता. तो शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द जपून म्हणाला, "शेठ, मी तुमच्याच माणसाला दिलं. तुमच्या गाडीत बसलो होतो ना."

मालक हसला. त्या हसण्यात मस्करीसुद्धा नव्हती. रोजचं गिऱ्हाईक उधारी मागायला आल्यावर जसं हसतात तसं. तो आत गेला.

संध्याकाळी मिरवणूक जीपस्टँडवर आली. मी बायकांना म्हटलं, चला. आम्ही जाऊन रस्त्यात बसलो, निवडून आलेल्याच्या उघड्या जीपसमोर. ढोल थांबले. कोणीतरी ओरडलं, उठवा ह्यांना. पण मोबाइल वर झाले होते, चित्रण चाललं होतं, म्हणून तो स्वतः खाली उतरला. वहिनीसमोर हात जोडले.

"माय, सकाळी गाडी तुमच्या दारात असेल. माझा शब्द."

वहिनीला मराठी नीट कळत नाही. हात जोडलेले कळले. ती उठली, म्हणून बाकीच्या उठल्या. मी सर्वांत शेवटी उठले आणि मला माझीच चीड आली.

सकाळी गाडी आली नाही. उजाडल्यावर निवडून आलेल्याचा फोन बंद होता. शेवटी सगळे सीमेपलीकडच्या कुकरमुंड्याच्या बसने निघाले. मतासाठी हातावर टेकवलेल्या नोटा तिकिटात गेल्या आणि पुरल्याही नाहीत. राहिलेलं मी घातलं. भाऊ-वहिनी पोचले तोवर मुकादमाने त्यांच्या जागी दुसरं जोडपं लावलं होतं. राहिलेला हंगाम त्यांनी एका वीटभट्टीवर काढला, उसापेक्षा कमी मजुरीत.

इकडे मालकाने मला गाळा खाली करायला सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाला, पोरगा मोबाइलचं दुकान टाकणार आहे. तिथे आज खताची पोती रचलेली आहेत. पाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं कामही त्यालाच मिळालं. पहिल्या पावसाळ्यातच डांबर सुटलं. तेव्हा लोक म्हणाले, खाल्लं. मला वाटलं, नवीन काही खाल्लं नाही, वसूल केलं.

पुढच्या खेपेला विधानसभा आली. पुन्हा दिवाळीनंतर, पुन्हा पिकअप बारडोलीकडे गेली. ह्या वेळी भावाने आणि पाड्यातल्यांनी चढण्याआधी अट घातली. गाडी पाड्यावरच थांबेल, चावी आमच्या माणसाकडे राहील, मत टाकलं की लगेच निघायचं. ड्रायव्हरने फोन लावला. पलीकडून हो म्हणाले. सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

जाताना गाडी माझ्या नव्या दुकानाशी थांबली. भाऊ खुशीत होता. मला मात्र बरं वाटलं नाही.

"म्हणजे आता तुम्ही पण भाव लावायला लागलात," मी म्हणाले.

"मग काय करू? तसाच बसू, मागच्यासारखा?"

"येऊच नका. मत नको आणि गाडी नको."

त्याने गाठोड्यातून आईने माझ्यासाठी दिलेली चवळी काढून ओट्यावर ठेवली.

"तुला आई पाहिजे तेव्हा सकाळच्या जीपने भेटते," तो म्हणाला. "मला निवडणूक आली तरच कोणी फुकट आणतं. ते मी सोडू, म्हणतेस?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. भाऊ चढला. वहिनीने वरूनच हात केला, तिचं तोंड पदरात होतं. मी चवळी उचलून आत ठेवली. राग आजही आहे, आणि तो भावावर नाही, एवढंच मला सांगता येतं.