गंगाबाईंचा बाइट

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही.

परभणीतल्या एका छोट्या केबल चॅनेलचा मी बातमीदार. आता म्हणे ज्येष्ठ! नवी पोरं विचारतात, सर, बाइट म्हणजे काय? मी रुबाबात सांगतो — कॅमेऱ्यासमोर माणूस जे बोलतो, त्यातला बातमीत वापरलेला तुकडा. वापरलेला... हा शब्द माझ्या तोंडातून किती सहज निघतो! — तेव्हा स्वतःची किळस येते. पण हे आज सांगतो.

बोरीजवळच्या एका वस्तीवर गंगाबाई मेंढ्या राखायच्या. जनावरांच्या सरकारी डॉक्टरीणबाईंनी लस टोचल्यावर दोन दिवसांत त्यांच्या बऱ्याच मेंढ्या दगावल्या. मी कॅमेरा घेऊन गेलो. मेलेल्या मेंढ्यांपाशी बसूनच त्या बोलल्या, "डॉक्टरीनबाईनं सुई दिली अन् मेंढ्या मेल्या, असं लोक म्हनायलेत. पर मला तसं वाटत न्हाई. आदीच आजारी व्हत्या त्या. बाई तर दोन दिस हितंच बसून व्हती. जेवली बी न्हाई."

एवढं सरळ बोलणं — माझ्या काय कामाचं? मी सुरुवातीचे शब्द ठेवले, 'मेंढ्या मेल्या'पाशी कापलं. संध्याकाळभर तेच दाखवलं. चहा पीत बघत होतो मी. वाईट वाटलं? छे — खूश होतो.

दुसऱ्या दिवशी लोकांनी डॉक्टरीणबाईंना रस्त्यात अडवून तोंडाला काळं फासलं. त्या बदली घेऊन निघून गेल्या. नंतर त्या वस्त्यांवर लस टोचायला यायला कुणी धजेना.

मग गंगाबाई एसटीनं एकट्याच आमच्या ऑफिसात आल्या.

"दादा, मी असं बोललेच न्हवते. समदं दाखवा की. त्या बाईला काय वाटलं आसंल?"

मी मोबाइलवर त्यांचाच बाइट लावला. म्हणालो, "आवाज तुझाच ना?" — हो, आईच्या वयाच्या बाईला अगंतुगं केलं मी. एकदा लावला, पुन्हा लावला. त्या स्वतःकडं बघत राहिल्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "आवाज तर माजाच हाय." आपणच असं बोललो, हे त्यांना खरं वाटायला लागलं होतं — मला ते त्यांच्या तोंडावर दिसलं.

त्या जिना उतरून गेल्या. सगळं चित्रण तेव्हाही माझ्याजवळ होतं. मी कॉम्प्युटर उघडला आणि ते पुसून टाकलं.