लिहिणाऱ्यानं वाचून दाखवायचं नाही

आमच्या वडशाच्या घरात पुढच्या खोलीत अब्बांचा छापखाना होता आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. थंडीत नाटकांची पोस्टरं छापली जायची आणि उरलेलं वर्षभर पत्रकं: तेंदूपानाच्या मजुरीची, जंगलाच्या हक्काची, मोर्च्यांची. मी वाचायला शिकले ती या पत्रकांच्या कच्च्या छापांवर. ‘आमच्या मागण्या’ हे दोन शब्द मला माझ्या नावाआधी लिहिता यायचे. त्यामुळे वकिलीची परीक्षा पास झाल्यावर पहिल्यांदा एकटीनं एक करार लिहायला मिळाला, तेव्हा मी तो पत्रकासारखाच लिहिला.

करार होता कुरखेड्याच्या मच्छीमार संस्थांच्या संघाचा आणि नागपूरच्या एका संगणकवाल्याचा. संघात गावोगावच्या संस्था होत्या आणि प्रत्येक संस्थेकडे एखादा तलाव किंवा बोडी, म्हणजे लहान तळं. पावसाच्या तोंडावर तलावात सोडायला माशांची पिल्लं यायची. ती कोणाला द्यायची ते संघाच्या यादीवरून ठरायचं. ही यादी आधीच्या वर्षी संघानं संगणकावर नेली होती. त्या प्रोग्राममध्ये एका तलावापुढे एकाच गावाचं नाव लिहायला जागा होती, आणि एक तलाव होता दोन गावांचा. कारकुनानं जागा होती तेवढं लिहिलं. वरच्या गावाचं नाव राहिलं, खालच्या गावाचं गळलं.

त्यात कोणाची लबाडी नव्हती. पण पावसाळ्यात खालच्या गावाला पिल्लं मिळाली नाहीत, आणि हिवाळ्यात त्यांची माणसं जाळी घेऊन तलावावर गेली तेव्हा वरच्या गावच्या पोरांनी त्यांना यादीची झेरॉक्स दाखवून पाळीवरूनच, तलावाच्या बांधावरूनच, परत पाठवलं.

खालच्या गावच्या संस्थेची सचिव एक चाळिशीची बाई होती, सातवीपर्यंत शिकलेली. तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते संघाच्या कचेरीत, भिंतीवरच्या यादीसमोर उभी असलेली. गावातली निम्मी माणसं मजुरीला बाहेर गेली होती. आणखी एक वर्ष असंच गेलं तर संस्थाच मोडणार होती. ती मला म्हणाली, “कागदानं आमाले काढलं बाई. आता कागदानंच परत आणा. तोंडच्या बोलण्यावर भरोसा नाई राह्यला.” मी तिला शब्द दिला की पुढची पिल्लं यायच्या आत तिचं गाव यादीत असेल. तेव्हा तो शब्द कशाच्या जोरावर दिला, ते मला आज सांगता येणार नाही.

यादीचा नवा प्रोग्राम बनवणारा संगणकवाला पुण्यात काही वर्षं नोकरी करून परतला होता. त्याची कंपनी म्हणजे तो आणि त्याचा एक मित्र. त्यानं पाठवलेल्या करारात प्रोग्राम कसा असेल याचं वर्णन पानंच्या पानं होतं, शेवटी सगळा एकदम मिळणार होता, आणि सहीनंतरचा कोणताही बदल ‘वेगळं काम’ धरला जाणार होता. वाचून माझं डोकं फिरलं. आधीच्या कंपनीनंही हेच केलं होतं. मी ठरवलं, याला असं बांधायचं की हलता येणार नाही. चार दिवस बसून मी सदतीस कलमं लिहिली. प्रत्येक कलमात काय हवं ते लिहिलं, आणि ते तसंच झालं नाही तर काय होईल तेही.

संघाच्या सभेत मीच ते वाचून दाखवलं, उभं राहून, आवाज चढवून. संघाचे अध्यक्ष वरच्या गावचे होते, पांढऱ्या मिशांचे, सावकाश बोलणारे. माझं वाचून झाल्यावर ते म्हणाले, “बाई, आता सही कराची का मुर्दाबाद म्हणाचं?”

सभा हसली. मीही हसले असते, पण खालच्या गावची बाई हसत नव्हती. तिनं मला अकरावं कलम पुन्हा वाचायला सांगितलं. त्यात मी मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं की दर वर्षी माघी पौर्णिमेपासून तलावात जाळं टाकायचा हक्क खालच्या गावाचा असेल आणि प्रोग्राम तसं दाखवील. ही तारीख मला संघाच्या फायलीत, एका जुन्या समझोत्याच्या कागदावर सापडली होती.

“हे माघी पौर्णिमा कोनं सांगतली तुमाले?”

मी कागद दाखवला. तिनं तो हातातही घेतला नाही. ती म्हणाली, त्या वर्षी पाणी तेव्हा उतरलं होतं, एवढंच. मग तिनं सांगितलं ते तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं. तलावात पाळीपासून थोडं आत एक मोठा काळा दगड आहे. धानाला पाणी सोडलं की तलाव उतरत जातो. दगड बुडालेला आहे तोवर वरच्या गावानं जाळी टाकायची. दगडाचा माथा उघडा पडला की खालच्या गावानं. पाऊस कमी झाला तर दगड दिवाळीतच दिसतो, भरपूर झाला तर होळी येते. दोन्ही गावांची माणसं जाऊन बघतात आणि त्याच दिवशी हक्क बदलतो.

म्हणजे मी तेच केलं होतं जे त्या प्रोग्रामनं केलं होतं. मला जेवढी जागा दिसली तेवढं लिहिलं. माझ्या अकराव्या कलमावर सही झाली असती तर खालचं गाव यादीत आलं असतं आणि पाणी लवकर उतरणाऱ्या प्रत्येक वर्षी पौर्णिमेची वाट बघत पाळीवर बसलं असतं. आणि ते मी बांधून दिलं असतं, हलता येणार नाही असं.

घरी येऊन मी अब्बांना सगळं सांगितलं. ते छपाईचे खिळे जुळवत होते. त्यांनी विचारलं, “सभेत वाचलं कोणं?” मी म्हटलं, मीच. त्यांनी मान हलवली, वैतागल्यासारखी.

आमच्या छापखान्याचा एक नियम होता. पत्रकाचा कच्चा छाप निघाला की तो लिहिणाऱ्यानं वाचून दाखवायचा नाही. ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांच्यातल्या कोणीतरी वाचायचा, आणि लिहिणाऱ्यानं शेजारी गप्प बसायचं. कितीतरी तापट कार्यकर्ते अब्बांनी असे स्टुलावर गप्प बसवलेले मी पाहिले होते. “लिहिनारा कागदावरचं नाई वाचत,” अब्बा म्हणाले, “डोक्यातलं वाचते. तुले तुझी गलती दिसणारच नाई. तो संगणकवालाबी तसाच करंल. खुदच चालवून दाखवंल अन म्हणंल, बघा, चालते.”

दुसऱ्या दिवशी मी सदतीस कलमं बाजूला ठेवली आणि कोऱ्या कागदावर बसले. काय बनेल हे लिहिलंच नाही. लिहिलं ते असं की दर पंधरा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, जेवढं बनलं असेल तेवढं कुरखेड्याच्या कचेरीत आणून दाखवायचं. दाखवताना संगणकवाल्यानं हात लावायचा नाही. ज्यांचं काम आहे तेच चालवतील. पुढच्या पंधरा दिवसांत काय करायचं ते संघ सांगेल, पण नवं काही घातलं तर तेवढंच दुसरं काही काढावं लागेल. कोणत्याही पंधरवड्याच्या शेवटी कोणालाही थांबता येईल, आणि तोवर बनलेलं सगळं संघाचं राहील. सगळी मिळून नऊ कलमं झाली.

संगणकवाला बसनं आला आणि त्यानं ते वाचलं. पुण्यात तो असंच काम करायचा, म्हणाला. त्याला तिकडे अजाईल म्हणतात. पण तिकडेही करार मात्र जुन्याच चालीचे असत, म्हणून इथेही त्यानं तोच पाठवला होता. त्याला भीती एकच होती, लोक बदल सांगतच राहिले तर संपायचं कधी? ‘घातलं तर काढावं लागेल’ हे कलम मी त्याला पुन्हा वाचायला दिलं. तो तयार झाला.

अडलं ते नवव्या कलमावर, आणि अडवलं अध्यक्षांनी. त्यात लिहिलं होतं की दोन गावांच्या तलावाचं काम झालं की नाही, हे खालच्या गावच्या सचिवांच्या सहीनं ठरेल.

“म्हंजे मी अध्यक्ष असून माह्या सहीनं नाई होत?”

मी म्हटलं, “भाऊ, बाकी सगळ्या कागदांवर तुमचीच सही आहे. नाव ज्यांचं गळलं, ते परत आलं की नाही हे त्याच सांगतील.”

“अन तिनं अडवून ठेवलं तं? पिल्लाची गाडी थांबते का?”

त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं होतं. उत्तर तिनंच दिलं. “अडवीन नं भाऊ. बराबर होयपर्यंत अडवीन.”

मी मनाशी ठरवलं होतं की हे कलम निघालं तर मी करार फाडून वडशाला परत जाईन. पण तसं बोलले नाही. स्टुलावरच्या कार्यकर्त्यांसारखी गप्प बसले. अध्यक्षांनी बराच वेळ मिशीवरून बोट फिरवलं आणि सही केली. का केली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पहिले दोन पंधरवडे सोपे गेले. तिसऱ्या वेळी त्या तलावाचं काम आलं. बाई खुर्चीवर बसली, पदर खोचला आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत दोन्ही गावांची नावं लिहिली. आता जागा दोन होत्या. मग प्रोग्रामनं हक्क बदलण्याची तारीख मागितली. तिनं ती जागा मोकळी सोडली. प्रोग्राम पुढे जाईना. संगणकवाल्याचा हात माउसकडे गेला. “कोणतीही टाका, मग बदलता येते,” तो म्हणाला. मी त्याला करारातलं कलम दाखवलं. त्यानं हात मागे घेतला.

“तारीख नसते, दगड असते,” म्हणत बाईनं काम झाल्याचा कागद सही न करता परत केला. अध्यक्ष चिडले. पिल्लांची गाडी महिनाभरावर आली होती. संगणकवाला बस पकडायला गेला, असं आम्हाला वाटलं. नंतर कळलं की तो आधी तलावावर गेला होता. उन्हाळा होता, दगड पूर्ण उघडा होता. तो त्यावर जाऊन बसून आला होता.

पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी ती पुन्हा खुर्चीवर बसली. तारखेची जागा गेली होती. तिथे प्रश्न होता: दगड दिसतो का? खाली हो आणि नाही. आणि बघायला कोण कोण गेलं होतं, त्यासाठी प्रत्येक गावाच्या एका माणसाचं नाव. तिनं ‘हो’ दाबलं, दोन नावं लिहिली. प्रिंटर बराच वेळ करकरला आणि यादी बाहेर आली.

मला वाटलं ती आता सही करील. तिनं यादी उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि खाली ठेवली. “हे मी लिवलं,” ती म्हणाली. “मी नाई वाचणार. भाऊ, तुमी वाचा.”

अध्यक्षांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि परत लावला. मग वाचलं, सावकाश, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं. तलावाचं नाव. वरचं गाव, दगड बुडालेला असेपर्यंत. खालचं गाव, दगड दिसल्यापासून. पिल्लं दोन्ही गावांना. शेवटी सध्याचा हक्क कोणाचा त्या ओळीत त्यांनी खालच्या गावाचं नाव घेतलं आणि यादी अन सहीचा कागद तिच्यापुढे सरकवला.

तिनं सही केली. मग उठून भिंतीवरची जुनी यादी काढली, तिच्याच टाचण्या घेतल्या आणि नवी लावली.