मागच्या दोघांचं काय?

सन दोन हजार अठरा. मी सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि भीती म्हणजे काय ते त्या वयात मला एका बाईनं शिकवलं.

ती स्वतः जन्मभर भ्यालेली होती. कुठल्याही दारातून आत आली की दोन पावलं टाकून थांबायची, वळायची, दार हातानं धरून ठेवायची आणि बाहेर वाकून बघायची. कोणी नसायचंच. तरी विचारायची, "मागं कोणी आहे का?" माझ्या दुकानाला तर दारही नाही, नुसतं शटर. तिथंही ती शटरला हात लावून उभी राहायची, जसं काही ते तिच्या मागून येणाऱ्याच्या डोक्यावर पडणार आहे.

असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आपण हसतो त्याला. मीही हसलो.

माझं दुकान रिछाईत, हिंदी मुलखातल्या कारखान्यांच्या वस्तीत. दुकान म्हणजे एक लेथ, एक मिलिंग मशीन, एक ड्रिल आणि वर पत्रा. शाळा मी चौथीत सोडली; मास्तरांनी सोडवली म्हणा. पण केसाएवढा फरक माझ्या बोटाला कळतो, आणि माझ्या हातून खरखरीत माल कधी गेला नाही. हे मी अभिमानानं सांगतो. अभिमानामुळेच तर पुढचं सगळं झालं.

ती एका इंजिनिअरिंग कॉलेजात मोजमापाच्या खोलीत होती. रिटायर व्हायला थोडेच महिने उरले होते. माणसं आमच्यातलीच, विदर्भाकडची. बाप इथंच जवळ रांझीला कारखान्यात होता, ती तिथल्याच क्वार्टरात वाढली. पहिल्या दिवशी आली, शटर धरून मागं बघितलं, मग म्हणाली, "जयभीम, मिस्त्रीजी. हे तुमच्याकडं होईल का?" आणि कागद पुढं केला.

"काहून नाही होणार? डबाच तर आहे."

"डबा नाही. उपग्रह आहे."

"एवढासा? ताई, आमच्या घरी तिखटाचा डबा याहून मोठा आहे."

ती हसली नाही. कागदावरच्या चार कडांवर बोट ठेवून म्हणाली, "या चार पट्ट्या सांभाळा. बाकी चुकलं तर आपलं नुकसान. इथं चुकलं तर मागच्याचं काय?"

मला तेव्हा कळलं नाही. मग तिनं समजावलं, आणि समजावलं ते माझ्या भाषेत. लग्नघरानं गाडी ठरवली आणि उरलेल्या जागेत आपण बसलो, तसं हे आहे. रॉकेट कोणातरी मोठ्या उपग्रहाचं. तो म्हणेल तेव्हा निघायचं, तो म्हणेल तिकडं जायचं. छोट्यांचं तिथं काही चालत नाही. छोटे उपग्रह तीन-तीन करून एका लांबट पेटीत बसवतात, एकामागं एक. वर गेल्यावर झाकण उघडतं, तळाची स्प्रिंग ढकलते आणि तिघं या पट्ट्यांवर घसरत बाहेर पडतात. आमचा झाकणाजवळ, सगळ्यात पुढं. त्याच्या मागं दक्षिणेतल्या एका कॉलेजचा. त्याच्याही मागं कुठल्याशा दूरदेशच्या शाळेतल्या पोरींचा.

"आपला अडकला तर आपला मेला," ती म्हणाली. "पण ते दोघंही मेले ना, आतल्या आत. दारात आपणच आडवे."

त्या शाळेच्या पोरींचा फोटो तिच्या पर्समध्ये होता. ओळख ना पाळख. मला दोनदा दाखवला.

एकदा चहा पिताना मी चिडवलं, "ताई, तुम्ही सारख्या मागं काहून बघून राहिल्या? चोर लागले का?"

तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, सात वर्षांची होते. बाबांच्या सायकलीवर मागं बसलेले. कारखाना सुटायची वेळ, रस्ताभर सायकलीच सायकली. बाबांचा जेवणाचा डबा हँडलवरून निसटला, त्यांनी ब्रेक मारला. मागचा माणूस आमच्यावर आला, त्याच्यावर त्याच्या मागचे. "बाबांना खरचटलंसुद्धा नाही, मिस्त्रीजी. तो मागचा माणूस पुन्हा कधी कामावर गेला नाही. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, माझा काय दोष, मी तर सरळ चाललो होतो. मी मागं तोंड करून बसले होते. मी पाहिलं."

त्यानंतर मी चिडवणं सोडलं. हसणं मात्र मनातल्या मनात चालूच होतं.

सांगाडा मी केला. सुंदर केला. मग तो नागपूरला पाठवला, तिथं त्याच्यावर एक कडक करडा थर चढवतात. जाण्याआधी तिनं बजावलं होतं, "थर चढून आला की पट्ट्यांना हात लावायचा नाही. पॉलिश नाही, काही नाही." मी "अच्छा" म्हटलं.

माल परत आला. चौथ्या पट्टीच्या टोकाला थर जरा जाड बसला होता. बोट फिरवलं तर खरखर लागली. तुम्ही कारागीर असाल तर तुम्हाला कळेल, ती खरखर बोटात नाही लागत, डोक्यात लागते. लोक म्हणणार, मिस्त्रीच्या हातचा माल बघा. ही पुस्तकातली बाई, हिला काय माहीत, म्हणत मी झिरो नंबरचा पॉलिश पेपर तेलात बुडवला आणि चार हात मारले. गुळगुळीत झालं. पण करड्याच्या मध्ये पांढरं अॅल्युमिनियम चमकायला लागलं. गव्हाच्या दाण्याएवढं.

मग मी कानावरची शिसपेन्सिल काढली, त्यावर घासली आणि चिंधीनं पुसून घेतली. करड्यात करडं मिळून गेलं.

ती आली. मापं घेतली, सगळी बरोबर. मग पांढरे हातमोजे घालून, डोळे मिटून चारी पट्ट्यांवरून बोट फिरवलं. चौथीवर थांबली.

"किती सफाईदार झाली ही," ती म्हणाली. "हात आहे तुमचा, मिस्त्रीजी."

मी ते कौतुक घेतलं. खाली बघून, पण घेतलं.

सामान घेऊन निघायच्या आदल्या दिवशी ती निरोप घ्यायला दुकानात आली. सांगाड्यात कॉलेजच्या पोरांची यंत्रं बसवून झाली होती. रॉकेट सुटतं तिथं दोन दिवस रेल्वेनं जायचं, उपग्रहाची छोटी पेटी मांडीवर घेऊन. पोरं मागाहून येणार. मी सहज विचारलं, "ताई, तो थर एवढा काहून लागतो? शोभेला?"

"नाही हो. वर हवा नाही. आणि चढताना रॉकेट असं हादरतं की पट्टी पेटीला घासत राहते. उघडा धातू उघड्या धातूला असा घासला की दोन्ही एकमेकांना धरतात. मग स्प्रिंग ढकलत बसते, काही उपयोग नाही."

बस. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. अॅल्युमिनियमचा कोरडा नट अॅल्युमिनियमच्याच बोल्टवर फिरवा, मध्येच धरतो आणि मग कापावाच लागतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही, माझ्या हाताला माहीत आहे. तेही खाली जमिनीवर, हवेत. ती बोलत होती आणि मला त्या अंधाऱ्या पेटीत माझा गव्हाचा दाणा दिसत होता. त्याच्या मागं त्या पोरींचा डबा.

सांगायचं होतं. मी चिंधीनं लेथ पुसत राहिलो. सदुसष्ट वर्षांत मी कोणाला "माझं चुकलं" म्हटलं नव्हतं. बायकोला नाही, बापाला नाही.

"चलो, येते," म्हणून ती गेली. शटरपाशी थांबली, मागं पाहिलं. मागं मीच होतो.

घरी जाताना टेम्पोत एक जाडा माणूस दाराशीच बसला होता, गुडघ्यांवर पोतं. आतून दोघं ओरडत होते, "भैया, उतरने दो! हमारा स्टॉप निकल गया!" त्याचं पोतं दांडीत अडकलेलं, निघेना. लोक हसत होते. अंगातून घाम असा सुटला की शेजारचा म्हणाला, "दादा, तबियत ठीक है?" घरी भाकरीचा घास तोंडात फिरत राहिला. बायको म्हणाली, "कोणी मेलं का?" मी म्हटलं, "अजून नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेशनवर गेलो. स्वतःला सांगितलं, नुसता निरोप द्यायला चाललोय.

ती खिडकीशी बसली होती, पेटी मांडीवर, दोन्ही हात पेटीवर. मला बघून तिला फार आनंद झाला. "अहो, एवढ्या उन्हात?" तिनं पेटीवर थाप मारली. "तुमचा हात याच्यात आहे म्हणून मला धास्ती नाही."

सिग्नल झाला. मी खिडकीचे गज धरले.

"ताई, चौथी पट्टी."

"काय?"

"टोकाला घासली मी. थर गेलाय."

तिचा चेहरा आधी बदललाच नाही. मग हळूच म्हणाली, "किती?"

"गव्हाच्या दाण्याएवढा."

"मग मला दिसलं कसं नाही?"

"पेन्सिल फिरवली."

असं वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पर्स खांद्याला लावली, पेटी छातीशी धरली आणि दाराकडं आली. पायरीवर एक पाय ठेवला आणि तिथंच उभी राहिली. मला वाटतं, आत जावं की खाली उतरावं हे तिलाही उमगत नव्हतं. आत बसून राहिली असती तर कोणाला कधी कळलं नसतं. मीही काही बोललो नसतो पुन्हा. खाली उतरली तर पोरांची तीन वर्षं आणि तिची नोकरीतली शेवटची संधी तिथंच संपत होती. मागं चार-पाच माणसं सामान घेऊन अडकली. "बहनजी, उतरना है तो उतरो!" "रास्ता छोड़ो!" एकानं तिच्या पाठीला ट्रंक लावली. आयुष्यात पहिल्यांदा ती दारात आडवी उभी होती आणि मागं बघत नव्हती.

गाडी हलली. ती उतरली. मी हात पुढं केला, तिनं धरला नाही, पेटी धरली होती ना.

बाकावर बसून तिनं विचारलं ते एवढंच, "मिस्त्रीजी, काल काहून नाही सांगितलं?" मग तीच म्हणाली, "आज तरी सांगितलं."

पुन्हा थर चढवायला नागपूरला पंधरा दिवस लागतात, आणि रॉकेट छोट्यांसाठी थांबत नाही. आमचा उपग्रह राहिला. पण रॉकेटवरच्या पेटीतली जागा रिकामी ठेवता येत नव्हती, वजनाचा सगळा हिशेब आधीच झालेला. मागचे दोघं एकेक घर पुढं सरकणार होते, आणि तळाला आमच्या वजनाचा एक मुका ठोकळा स्क्रूनं कसून बसवायचा होता. स्प्रिंग त्याच्या पुढं येते; तो बाहेर पडत नाही, कुठं घासत नाही, नुसता बसून राहतो.

त्यासाठी ती माझ्याकडंच आली. शटर धरलं, मागं बघितलं.

"माझ्याकडून करून घेता?" मी विचारलं.

"तुमचा हात मला माहीत आहे. आता तुमची पेन्सिलही माहीत आहे. दुसऱ्या मिस्त्रीचं मला काय माहीत?"

कॉलेजात तिनं "थरात खोट निघाली" एवढंच सांगितलं. खोट कोणाची, ते नाही. प्राचार्य तिच्याशी बोलेनासे झाले. कॉलेजातली एक पोरगी दुकानात येऊन माझ्यासमोर रडली, "मॅडमनं आधी पाहायला पाहिजे होतं," म्हणाली. मी लेथ चालू केला म्हणजे आवाजात मला ऐकू येणार नाही. खोट माझी होती; हे लिहून राहिलो ते तेवढं सांगण्यासाठीच.

ती रिटायर झाली, बहिणीकडं नागपूरला गेली. रॉकेट सुटलं त्या दिवशी मी टीव्ही लावला नाही. स्टुलावर बसून फोनकडं बघत होतो. ठोकळ्याचा एखादा स्क्रू ढिला झाला तर? ते मी कसले नव्हते, तिकडच्या लोकांनी कसले. पण भोकं माझी होती. दुपार चढली तेव्हा फोन वाजला.

"मिस्त्रीजी, निघाले."

"दोघंही?"

"दोघंही. त्या पोरींचासुद्धा."

"आणि आपला?" मी विचारलं.

"आपला बसलाय तिथंच," ती नाक ओढत हसली. "शहाणा आहे."

त्यानंतर तिचा आवाज मी ऐकला नाही. थंडीत ती गेल्याचं कळलं, तेही महिन्यानं. तिचा उपग्रह कॉलेजात काचेच्या कपाटात आहे, चौथी पट्टी भिंतीकडं करून. आमचा ठोकळा अजून वर फिरतो की जळून गेला, हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही.

पण त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगायचं राहिलं. दुकान उघडलं. टेबलावर एका जुन्या गिऱ्हाइकाची प्लेट होती, थर चढून नागपूरहून आलेली. बोट फिरवलं. कोपऱ्याला खरखर. पॉलिश पेपर हाताशीच होता. मी गिऱ्हाइकाला फोन लावला, म्हटलं, "भैया, माल में दाग है. आके देख लो."

"मिस्त्रीजी, आपके माल में?" तो हसायला लागला.

मी फोन ठेवला, कानावरची पेन्सिल काढली आणि त्या डागाभोवती मोठा, ठसठशीत गोल काढला.