दाराशी राखलेली जागा

जेरुसलेमच्या पूर्वेकडच्या तटातलं रहमतचं दार शेकडो वर्षं दगडांनी बुजलेलं आहे. त्याच्या बाहेरच्या कबरस्तानात शुक्रीने एकेचाळीस वर्षं कबरी खणल्या. त्या दारावर मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती सगळ्यांचीच श्रद्धा, पण शुक्रीचा सगळ्यांना एकच कायदा: थडग्यावर पाय द्यायचा नाही.

एकदा एका ज्यू म्हाताऱ्याने मुद्दाम डिवचलं, "आमचा मसीहा याच दारातून येणार. त्यालाही अडवशील?"

"अडवीन कशाला? कडेकडेने ये म्हणावं."

म्हातारा खो खो हसला. पुढे तो दर वसंतात शुक्रीसाठी बदाम आणू लागला.

दाराच्या अगदी जवळ शुक्रीची बायको रस्मिया पुरलेली. तिच्या शेजारची जागा त्याने बारा वर्षं स्वतःसाठी राखली होती. मोठमोठ्या घराण्यांनी ती मागितली, पण पठ्ठ्याने कुणाला दाद दिली नाही.

मग तिळाचा पाव विकणारा अबू रशाद गेला. त्याचं आणि शुक्रीचं रोज सकाळी ठरलेलं भांडण.

"करपलेलाच ठेवलास ना माझ्यासाठी?"

"तुझी गिऱ्हाइकं तरी कधी तक्रार करतात का रे?"

अबू रशादची मुलगी सौसन डोळे पुसत आली. "चाचा, बाबांना तुमच्या जवळपास कुठेतरी जागा द्या. भांडायला कुणी नसलं तर करमायचं नाही त्यांना."

जवळपास एकही जागा उरली नव्हती. शुक्री दोनदा सगळ्या रांगेच्या कडेने फिरला, रस्मियापाशी थोडा थांबला. मग कुदळ उचलून त्याने राखलेल्या जागेवर पहिला घाव घातला.

सौसन घाबरली. "अहो, ही तर तुमची! तुम्ही कुठे जाल?"

"रस्मियाच्या कबरीत. घरच्या माणसासाठी जुनी कबर उघडायची, हाडं बाजूला सारायची, इथली रीतच आहे ती. जन्मभर ती मला पलंगावर 'जरा सरका' म्हणायची. आता जरा तिने सरकावं."

एवढं बोलून त्याने दुसरा घाव घातला. तो खणत राहिला. असं मन फार थोड्यांना मिळतं.

तीन वर्षांनी रस्मियाची कबर उघडली आणि शुक्री तिच्याजवळ निजला. सौसनने रिवाजाप्रमाणे आलेल्यांना तिळाचा पाव वाटला. बदामवाला म्हाताराही काठी टेकत, कडेकडेने आला. त्यालाही तिने ताजा पाव दिला.

एक करपलेला तिने वेगळा काढला होता. तो तिने शुक्री आणि बाबांच्या मधल्या दगडावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या, करा सुरू."