'अलाऊ'चं वाक्य आणि माझ्या टाळ्या

मंडळींनो, क्लास सुटल्यावर औंढ्याच्या नेट कॅफेत येऊन बसलोय. स्वतःचीच चीड येऊन राहिली.

आज बायकांच्या इंग्रजीच्या बॅचला 'अलाऊ' शिकवलं. म्हणजे परवानगी देणं. 'लेट', 'परमिट' त्याचेच भाऊबंद. म्हटलं, वाक्य करा.

सुरेखा उभी राहिली. "माय फादर-इन-लॉ विल नॉट अलाऊ मी टुमारो."

"एकदम बराबर!" मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

नंतर तिनं माझी डिक्शनरी परत केली. "सर, वाक्य खरंच हाय. सासरे उद्यापासून येऊ देत न्हाईत."

तिच्या सासऱ्यांना समजवायला निघालो होतो. अर्ध्या वाटेत आठवलं, सकाळीच बायकोनं विचारलं होतं, "मी बी येऊ का तुमच्या क्लासला?"

मी म्हणालो होतो, "आपल्या घरच्या बायका न्हाई जात."

तसाच मागं फिरून इथं आलो. आता सांगा, त्या सासऱ्यासमोर कोणत्या तोंडानं उभा राहू?