प्रवासी, सामानासह

सत्याप्पा कोलकार हुबळीच्या स्टेशनात एकतीस वर्षं हमाल आहे. काही वर्षांपूर्वी सरकारने हमालांचं नाव बदलून ‘सहायक’ केलं. ओझं पूर्वीचंच राहिलं आणि लोक हाकही पूर्वीचीच मारत राहिले, त्यामुळे या सुधारणेचा कोणाला त्रास झाला नाही. सत्याप्पाच्या दंडावर जो पितळी बिल्ला आहे तो आधी त्याच्या वडिलांच्या दंडावर होता. वडील खानापूरकडून आले. घरात मराठी, फलाटावर कन्नड आणि वातानुकूलित डब्यासमोर हिंदी, अशी भाषांची वाटणी त्यांनीच करून ठेवली होती. सत्याप्पाने ती मोडली नाही.

वय एकोणसाठ. अडतीस हमालांचा तो मुकादम. हे पद कोणत्याही कागदावर नाही, त्यामुळे त्यावरून कोणी भांडलेलं नाही.

पार्सल कचेरीच्या मागे हमालांची एक खोली आहे. बारा बाय चौदा. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि सिद्धारूढ स्वामींचा फोटो शेजारी शेजारी, खाली अडतीस खिळे आणि कोपऱ्यात माठ. दोन गाड्यांच्या मध्ये हमाल इथे येतात आणि पाठ जमिनीला टेकवतात. यात आराम फारसा नसतो. दोन पेट्या डोक्यावर आणि एक बॅग खांद्याला, असा जिना चढून उतरलेला माणूस अर्धा तास सपाट पडला नाही तर पुढच्या गाडीला त्याची कंबर उठत नाही. फलाटावर पडायची सोय नाही. तिकीट नसलेल्याने आडवं होणं तिथे गुन्हा आहे, आणि हमालाकडे तिकीट कधीच नसतं.

स्टेशन नव्याने बांधायचं ठरलं तेव्हा त्याचा आराखडा दुसऱ्या वर्गाच्या प्रतीक्षालयात लावण्यात आला. अकरा मजल्यांचे दोन बुरुज, त्यांत हॉटेल, कचेऱ्या आणि तीन मजले दुकानं. त्यांच्या पायथ्याशी रेल्वेगाड्याही थांबतील, अशी सोय ठेवलेली होती. हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस दिले होते.

आराखडा करणाऱ्या कंपनीतर्फे दीपश्री नावाची एक तरुण आर्किटेक्ट मंगळवार-शुक्रवार तिथे टेबल टाकून बसायची. धारवाडची, सुभाष रोडच्या मागच्या गल्लीतल्या वकिलांची मुलगी. तिच्याकडे हरकती फारशा येत नव्हत्या. उणकलचे एक निवृत्त गृहस्थ नेमाने येऊन बुरुजात दोन खोल्यांचा फ्लॅट केवढ्याला पडेल ते विचारत, आणि बुरुजात फ्लॅट नाहीत हे ऐकून दर वेळी नव्याने निराश होत.

हमालांपैकी आराखडा पहिल्यांदा वाचला महादेवने. तो बारावीपर्यंत शिकलेला आणि उंचीने सगळ्यांत मोठा, त्यामुळे वरचे मजले त्याला नीट दिसले. खालचा मजला बघून तो मुकादमाकडे आला.

“मुकादम, आपल्या खोलीत कॉफी मिळणाराय.”

“चांगलंय की. आपण कुठं जायचं?”

“ते लिहिलं नाही.”

शुक्रवारी सत्याप्पा महादेवला घेऊन टेबलासमोर उभा राहिला. बसा म्हटल्यावरही बसला नाही.

“अक्का, आमची खोली दाखवा.”

दीपश्रीने सगळे मजले शोधले. मग ती अहवालाकडे वळली. “अण्णा, जागा मोजणीवरून दिलीय. तीन दिवस दारावर सगळ्यांची मोजणी झाली. ज्या वर्गाची जितकी माणसं, तितकी जागा. प्रवासी आहेत, निरोप द्यायला आलेले आहेत, फेरीवाले आहेत...” ती थांबली. “हमाल शून्य.”

“शून्य कसं? मी काय त्या दिवशी मेलो होतो?”

“अकरा, बारा, तेरा मार्च.”

सत्याप्पाने तारखा बोटांवर मोजल्या. त्याला ते तीन दिवस चांगले आठवत होते.

दहा तारखेला एक कारकून सांगून गेला होता की उद्या बेंगळूरहून माणसं स्टेशन बघायला येणार. बाहेरची माणसं येणार म्हटल्यावर काय करायचं असतं, हे एकतीस वर्षांत सत्याप्पाला कोणी शिकवायची गरज पडली नव्हती. मागे एकदा कोणी बडे पाहुणे आले तेव्हा हमालांचे विटलेले लाल सदरे बघून साहेबाने कपाळाला आठी घातली होती. म्हणून त्याने हुकूम सोडला: लाल सदरे सगळे धुवायला, बिल्ले खिशात, आणि प्रत्येकाने पांढरा शर्ट इस्त्री करून घालायचा. घरी बायकोने, दुर्गव्वाने, त्याच्यापुढे शर्ट ठेवत विचारलं होतं, “कुणाचं लगीन म्हणायचं?” तो म्हणाला होता, “स्टेशनाची अब्रू असती गं.” दुसऱ्या दिवशी अडतीस माणसं मतदानाला निघाल्यासारखी दिसत होती. तीन दिवस सगळे तसेच वावरले. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पेटी, अंगावर कडक इस्त्री.

दारावर कॉलेजची चार मुलं टॅबलेट घेऊन उभी होती. त्यांना सांगून ठेवलं होतं की लाल सदरा दिसला की हमाल. लाल सदरा दिसला नाही. पेटी घेऊन आत जाणारा पांढरा शर्ट ‘प्रवासी, सामानासह’ म्हणून नोंदला गेला. पेटीचा मालक मागून मोकळ्या हातांनी येत होता, तो ‘निरोप द्यायला आलेला’. पेटी ठेवून मोकळा परतणारा हमालही ‘निरोप द्यायला आलेला’च. हमाल दिवसातून चाळीस वेळा आत-बाहेर करतो, गिऱ्हाईक मिळो न मिळो.

सत्याप्पाने हे सगळं सांगितलं. दीपश्रीने डोळे मिटून घेतले आणि मोजणीचा प्रमुख मंजुनाथ याला फोन लावला. फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता.

“हौदु री, बरोबर आहे,” मंजुनाथ म्हणाला, “मी विचार केला होता. या गावातले लोक आपलं सामान डोक्यावरच नेतात. मी तसं लिहिलंय पण. पान त्रेसष्ट.”

पान त्रेसष्टवर खरोखरच तसं होतं. या भागातील प्रवाशांमध्ये सामान डोक्यावर वाहण्याची प्रथा आढळते, सबब प्रवेशद्वारांची उंची वाढवावी. आराखड्यातली दारं त्यामुळे नऊ फुटांची झाली होती.

“दारं वाढली,” महादेव म्हणाला, “मुकादम, तुमच्या इस्त्रीनं.”

सत्याप्पा हसला नाही. “चूक माझी आहे अक्का. लिहून घ्या. पण माणसं आहेत. पुन्हा मोजा.”

दीपश्रीने तसं वर कळवलं. वरून एक ज्येष्ठ गृहस्थ पुढच्या मंगळवारी आले. त्यांनी सत्याप्पाला अगत्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि त्याची चूक पूर्णपणे मान्य केली. दुरुस्ती मात्र त्यांना मान्य नव्हती. अडतीस जणांच्या फेऱ्या वजा केल्या तर रोजची वर्दळ तीन हजारांनी खाली येत होती, आणि तीन हजारांवर दुकानांचा एक अख्खा मजला उभा होता. प्रवासी घाईत असतो, खरेदी निरोप द्यायला आलेला माणूस करतो, असा त्यांचा अभ्यास होता.

“तुमच्यावरच हा मजला उभा आहे म्हणा ना,” ते सत्याप्पाला म्हणाले. त्यांना हे कौतुक वाटत होतं.

“मग त्यात एक खोली द्या.”

ते विचारात पडले. मग त्यांनी चौथ्या मजल्यावर, पाण्याच्या टाक्यांना लागून, एक खोली देऊ केली. तिची वर्गवारी नव्हती, त्यामुळे कोणाच्या वाट्यातून काढायची गरज नव्हती. ऐसपैस, खिडकी असलेली.

ते गेल्यावर महादेव खूश होता. “घ्या की मुकादम. खिडकीतून उणकलचं तळं दिसंल.”

“तळं बघायला सुट्टीच्या दिवशी चालत जा. अक्का, फलाटावरनं किती लांब?”

दीपश्रीने हिशेब केला. दोन लिफ्ट, मध्ये एक बदल. “सात-आठ मिनिटं.”

“गाडी थांबती दहा.”

महादेवने मनात वेळ लावून बघितली. “म्हणजे मी वर आडवा झालो, घोषणा ऐकून उठलो, तर खाली येस्तोवर गाडी गदगला.”

“आणि घोषणा वर ऐकू येती कुठं?” सत्याप्पा म्हणाला.

तो परत आराखड्यासमोर गेला. वरच्या मजल्यांकडे त्याने पाहिलं नाही. पहिल्या फलाटावर बोट फिरवत तो नव्या जिन्यापाशी थांबला. जिन्याखाली एक पांढरा तुकडा सुटलेला होता.

“हे काय?”

“काही नाही अण्णा. वापरण्याजोगी जागा नाही ती. एका टोकाला सात फूट उंची, दुसऱ्या टोकाला अडीच. दुकानही घालता येत नाही.”

“आडव्या माणसाला उंची कशाला लागती? लांबी-रुंदी सांगा.”

“लांबी अठरा फूट. रुंदी साडेपाच.”

सत्याप्पाने हिशेब केला. एका माणसाला दोन फूट, एका वेळी नऊ माणसं, चार पाळ्या आणि उरलेल्या दोघांनी गाडीकडे लक्ष ठेवायचं. पण नकाशावरच्या आकड्यांवर त्याचा भरवसा नव्हता. आकड्यांनी काय होतं ते त्याने नुकतंच पाहिलं होतं.

“अक्का, खडू आहे?”

दुपारी विजयपूरची गाडी यायला वीस मिनिटं होती. पहिल्या फलाटावर दीपश्रीने फीत लावून अठरा बाय साडेपाचचा चौकोन आखला आणि नऊ हमाल त्यात शेजारी शेजारी आडवे झाले. प्रवासी वळसा घालून जात होते. एका बाईने लेकराच्या डोळ्यांवर हात ठेवला. रेल्वे पोलिसाचा शिपाई काठी आपटत आला.

“ए, फलाटावर झोपता? उठा!”

“फलाटावर कुठं?” सत्याप्पा उभ्या उभ्या म्हणाला. “हे खोलीत झोपल्यात. म्याडमना विचारा.”

शिपायाने दीपश्रीकडे पाहिलं. तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि हातात फीत. तो काठी काखेत धरून बघत राहिला.

आठ जण नीट मावले. महादेवचे पाय घोट्याच्या वरपासून रेघेबाहेर गेले होते.

“पाय आत घे,” सत्याप्पा म्हणाला.

“गुडघं मोडून झोपायचं असलं तर घरी बायको आहे की, मुकादम.”

सत्याप्पाने दीपश्रीकडे पाहिलं. “एक फूट लागंल.”

“अण्णा, जिना तेवढाच आहे. खोली रुंद करायची तर जिना रुंद करावा लागेल.”

“मग करा. त्यावरनं ओझं घेऊन आम्हीच चढणार.”

तिने जुनी रेघ पायाने पुसली आणि वाकून फूटभर पलीकडे नवी ओढली. महादेवचे पाय आत आले. सत्याप्पाने चारी बाजूंनी फिरून एकदा बघितलं आणि चौथ्या मजल्यावरची खोली आम्हाला नको, असं लिहिलेल्या कागदावर सही केली. सही कन्नडमध्ये, तारीख इंग्रजीत. विजयपूरची गाडी आली तशी सगळे उठून धावले.

अंतिम आराखड्यात पहिल्या फलाटावरचा जिना साडेसहा फूट रुंद आहे. नागरिकांच्या सूचनेवरून केलेला बदल या सदराखाली तेवढी एकच नोंद आहे. जिन्याखाली ‘हमाल’ असं लिहिलं आहे. बुरुज अकरा मजल्यांचेच आहेत.