कापलेला तट कोणी लिंपला?

इथल्या मराठी मंडळाच्या माजी अध्यक्षांनी माझ्या मुलीला फसवलं. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणतात. निवृत्त हृदयतज्ज्ञ आहेत, सदा हसतमुख. हसणाऱ्या माणसाशी व्यवहार करताना मी एक हात खिशावर ठेवतो. माझं किराणा दुकान आहे. बारामतीहून आलो तेव्हा जवळ डिग्री नव्हती, आणि इथे डिग्री नसलेल्याला लोक पोह्यांचा भाव विचारतात, मत विचारत नाहीत. त्यामुळे नुसतं पाहून माणसं ओळखायला शिकलो. गप्प राहणं तेवढं जमलं नाही.

मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात ती इंग्लंडमधल्या एका जुन्या तटबंदीच्या गावी उत्खननाला गेली आणि येताना वेड घेऊन आली. म्हणे, कॉम्प्युटर सोडून पुरातत्त्व शिकायचं. घरात खूप आरडाओरडा झाला, बहुतेक माझाच. शेवटी दुकानामागे तांदळाची पोती लावता लावता आम्ही सौदा केला. दिवाळीला मंडळाची किल्ल्यांची स्पर्धा असते. तिने तिथे ते इंग्रजी गाव उभारायचं. लोकांनी आपणहून थांबून त्याबद्दल काही विचारलं, तर मी तिच्या आड येणार नाही. नाहीतर तिने मुकाट्याने कॉम्प्युटर करायचं.

"किती लोकांनी?" तिने विचारलं.

"दहा."

"दोन."

"माझीच मुलगी आहेस. पाच."

"डन."

अंगणातली लाल माती खणून आम्ही एका मोठ्या फळीवर गाव रचलं. काम करताना ती सांगत होती. लोकांना वाटतं, दगडी भिंत बांधली आणि गाव सुरू झालं. तसं नसतं. हजारेक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून येणाऱ्या डेन लोकांच्या स्वाऱ्यांना तोंड द्यायला तिथल्या राजाने आधी नुसता मातीचा बांध घातला. बाहेर खंदक, वर लाकडी कुंपण, आत सरळ आखलेले रस्ते. दगडी भिंत पुढे कितीतरी पिढ्यांनी त्या बांधाच्या तोंडाशी चढवली. हे कळतं कसं? तट एका जागी केकसारखा कापायचा आणि थर वाचायचे.

म्हणून आमच्या किल्ल्याची एक बाजू तिने सरळ कापून उघडी ठेवली. तळाशी काळी रेघ, त्यावर लाल मातीचा बांध, त्यात कुजून गेलेल्या खांबांचे गडद डाग, आणि पुढे दगड.

"बाबा, ही काळी रेघ म्हणजे बांधाच्या आधीचं कुरण. इथे कुणाच्या तरी गाई चरायच्या. वर बांध पडला आणि गवत तसंच दबून राहिलं."

मी मातीच कालवत राहिलो. समोरच्याचा माल आवडला हे सौदा पक्का होईपर्यंत चेहऱ्यावर दाखवायचं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही किल्ला स्पर्धेच्या जागी, शाळेच्या हॉलबाहेर नेऊन ठेवला. शेजारी डॉक्टरकाकांच्या नातवाचा प्रतापगड होता, कुंड्यांसाठी पिशवीत मिळते त्या काळसर, पांढरे दाणे असलेल्या मातीचा. काका आमच्याकडे वाकले.

"अगं, ही बाजू ढासळली का?"

"नाही काका, मुद्दाम कापलीय. थर दिसावेत म्हणून."

"वा, वा!" तिच्या पाठीवर थाप मारून ते गेले. ती वाहवा मला तेव्हाच खटकली होती.

सकाळी येऊन पाहतो तर कापलेली बाजू गायब! कुणीतरी ती छान गुळगुळीत लिंपली होती, वर अळीवही भुरभुरवले होते. मुलीने थापी उचलली तसा काकांनी हात आडवा घातला.

"परीक्षण सुरू झालं, बेटा. आता हात लावायचा नाही. नियम म्हणजे नियम."

लोक आले, "क्यूट आहे" म्हणाले आणि पुढे गेले. एका मावशींनी तेवढं विचारलं, "अगं, महाराज कुठे बसवलेत?" पहिलं बक्षीस प्रतापगडाला मिळालं.

बक्षीस समारंभानंतर मुलीने थापीने ते लिंपण खरवडलं. काळसर माती, पांढरे दाणे. खाली आमची लाल माती जशीच्या तशी.

"वरचा थर नंतरचा," ती म्हणाली.

"आणि कोणाचा, तेही दिसतंय मला!"

"माती कुठली ते दिसतंय, बाबा. हात कोणाचा ते नाही दिसत. त्यांची पिशवी इथेच उघडी होती, कुणीही घेतली असेल."

एवढा धीर माझ्यात नाही. मी तडक काका जेवत होते त्या टेबलाशी गेलो.

"काका, आमचा तट कोणी लिंपला?"

"अरे, दिवाळीत भगदाड पडलेला किल्ला ठेवतात का कोणी? कुणीतरी प्रेमाने बुजवलं असेल."

"तिने तुम्हाला सांगितलं होतं, मुद्दाम कापलाय म्हणून."

"असेल सांगितलं. किती चिडतोस रे! मातीचा किल्ला तो. घे, श्रीखंड घे."

इतकं बोलले, पण 'मी नाही केलं' एवढं म्हणाले नाहीत. जन्मभर व्यापार केलाय मी. माणूस काय टाळतोय ते मी आधी ऐकतो.

गाडीत मी मुलीला म्हणालो, "सौदा रद्द. तुला हवं ते शीक."

"नाही बाबा. पाच जणांनी विचारलं नाही. डील इज डील, तुम्हीच शिकवलंत."

"त्या मावशींचा प्रश्न धर की."

"नाही."

"बरं, उरलेले मी विचारतो. त्या गाई कुणाच्या होत्या?"

ती हसली आणि मग खिडकीकडे तोंड करून बसली. पुढच्या सत्राला तिने कॉम्प्युटरचे विषय घेतलेत. थापी गॅरेजमध्ये पडून आहे, लाल मातीसकट.

सौद्यात लबाडी झाल्याचं उघड झालं तर सौदा मोडतो, एवढं मात्र ती मानते. पण तिला माझा राग पुरावा म्हणून चालत नाही.

तेव्हा डॉक्टरकाका, मला तुमचं बक्षीस नको, माफीही नको. नवं सत्र सुरू व्हायच्या आत माझ्या दुकानात या. माझ्या मुलीसमोर उभे राहा आणि उत्तर द्या: तिने स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावरही तो तट तुम्ही का लिंपलात?